उरल्याहून तुरतुरियाला

मराठी माणसाच्या कानाला 'उरला' हे गावाचे नाव मोठे चमत्कारिक लागते. माझ्या बदलीचा हुकूम आला तेव्हा नागपूरच्या कचेरीतल्या मंडळींनी या नावावर करता येतील तेवढ्या कोट्या करून घेतल्या. "बाकीचे सगळे सुटले, एवढा हा उरला," असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले आणि निरोपाच्या चहाला त्यांचाच विनोद सर्वांत अधिक गाजला. त्याला आता चार वर्षे होत आली. उरला म्हणजे रायपूर शहराला उत्तरेकडून चिकटलेला कारखान्यांचा टापू. पुढे गेले की सिलतरा, तेथेही तेच. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, गोदामे आणि त्यांच्यामधून रात्रंदिवस धावणारे ट्रक. रात्री आकाशाच्या एका कडेला तांबूस उजेड असतो आणि सकाळी गच्चीवर अनवाणी गेल्यास तळपाय काळे होतात. वाळत घातलेले धुणे आत आणताना आमच्या सौ. ते दोनदा झटकतात. पहिल्यांदा सवयीने आणि दुसऱ्यांदा संतापाने.

ही तक्रार नव्हे. घराघरांत जी सळई लागते ती कोठे तरी तयार व्हायलाच हवी, आणि त्या सळईवरच्या कराचे हिशेब लिहूनच माझी चूल पेटते. परंतु आमच्या वसाहतीच्या मागून एक नाला वाहतो, त्याच्याविषयी मात्र दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण पुढचा सारा प्रपंच त्याच्यामुळेच घडला. या नाल्याचे पाणी बारमाही असते. पावसाळ्यात ते तपकिरी असते, एरवी काळे. त्यावर तेलाची एक रंगीत साय धरलेली असते आणि उन्हाळ्यात त्याच्या वासाने खिडक्या लावून घ्याव्या लागतात. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना येथे आला. आज तो नऊ वर्षांचा आहे. 'नाला' या शब्दाचा त्याला ठाऊक असलेला अर्थ हा एवढाच.

माझी आई यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो आणि नातवाला ती काहीबाही सांगत असते. गेल्या दिवाळीनंतर एकदा ती म्हणाली, "यंदा आपल्या ओढ्याला अजून पाणी आहे रे." मुलाने मला विचारले, "बाबा, आजी काय ओढायला सांगते आहे?" मी हसलो, परंतु ते हसू फार टिकले नाही. ओढा म्हणजे लहानसा नाला, असे मी त्याला समजावले, आणि लहानपणी आजी त्यातच पोहायला शिकली हेही सांगितले. त्याने नाक मुरडले. "नाल्यात? छी! आजी नाल्यात पोहायची?"

घरापासून दूर राहणाऱ्यांची मुले भाषा विसरतात, हे आपण या मासिकाच्या पानांवर अनेकदा वाचले आहे. त्यावर पुस्तके आणा, स्पर्धा घ्या, रविवारचे वर्ग काढा, असे उपाय सुचवले जातात. ते चांगलेच आहेत. पण शब्दकोश उघडून ओढा कसा दाखवायचा? जी वस्तू डोळ्यांसमोर नाही तिचा शब्द जिभेवर राहील कसा? ओढा दाखवायचा तर ओढ्याकाठीच जाऊन राहायला हवे, आणि तासाभरासाठी नव्हे, निदान दोन रात्री. सौ.ना हे पटले. मात्र त्यांची प्रकृती थंडीत जमिनीवर निजण्याजोगी नसल्याने त्या आल्या नाहीत. सोबतीला कचेरीतले एक सहकारी निघाले. हे गृहस्थ मूळचे अकोल्याचे, अविवाहित आणि सायकलचे वेडे. त्यांच्याजवळ तिघांना पुरेल अशी एक हलकी राहुटीही होती.

'कॅम्पिंग' हा शब्द आजकाल शहरातल्या तरुणांच्या तोंडी फार आहे. परदेशांत त्याची एक शिस्तच बनून गेली आहे. ओढ्याकाठी आखून दिलेल्या जागा, प्रत्येक जागेला क्रमांक, विस्तवासाठी लोखंडी कडे, लाकडी मेज आणि तेथून निघणाऱ्या पायवाटा व सायकलवाटा. या छंदाचा इंग्लंडातला एक आद्य पुरस्कर्ता होल्डिंग नावाचा लंडनचा शिंपी होता, हे वाचून मला मौज वाटली. सायकलवर लादता येतील असे हलके तंबू त्याने बेतले, १९०१ मध्ये सायकलवरून तळ टाकणाऱ्यांची एक संघटना काढली आणि १९०८ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तकही लिहिले. पण आम्हां सरकारी माणसांना हा शब्द शिकवायला साहेबाच्या शिंप्याची गरज नव्हती. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या पत्राच्या माथ्यावर आजही 'कॅम्प' लिहून गावाचे नाव घालतात. आणि मराठी माणूस तर घरच्या पत्त्यालाही 'मु. पो.' लावतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यात राहणारा मनुष्यही कागदोपत्री मुक्कामालाच असतो! तळ, डेरा, राहुटी, पाल, छावणी, शामियाना. उघड्यावर राहण्याच्या व्यवस्थेसाठी मराठीत जितके शब्द आहेत तितके पक्क्या घरासाठी असतील की नाही, शंकाच आहे. भोसल्यांची फौज १७४१ मध्ये भास्करपंतांच्या हाताखाली याच छत्तीसगडात उतरली आणि पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ मध्ये मरेपर्यंत रतनपूरला राहून कारभार केला. तेव्हा आमच्यापैकी कोणी ना कोणी या मुलखात तळ ठोकण्याची ही काही पहिलीच वेळ नव्हती.

जागा ठरायला वेळ लागला नाही. बलौदाबाजार जिल्ह्यात, बारनवापारा अभयारण्याच्या कडेला, बालमदेही नदीच्या खोऱ्यात तुरतुरिया नावाचे स्थान आहे. रायपूरपासून ते शंभर किलोमीटरांच्या आतच. वाल्मीकींचा आश्रम येथे होता आणि लव-कुश येथेच जन्मले, अशी या भागातल्या लोकांची श्रद्धा आहे. अर्थात वाल्मीकींचे आश्रम आपल्या देशात बरेच आहेत, आणि माझ्या मते त्यांतला एकही खोटा ठरवण्याची घाई करू नये. डोंगरातून येणारा एक झरा विटांच्या बोगद्यातून वाहत येऊन कुंडात पडतो आणि पडताना जो आवाज करतो त्यावरून स्थानाला हे नाव मिळाले. इकडच्या कानाला तो 'तुरतुर' ऐकू येतो. मराठी कानाला त्यात 'तुरुतुरु' ऐकू यावे, म्हणजे नुकतेच चालू लागलेले मूल अंगणात धावावे तसे, आणि जागा लव-कुशांची असावी, हा योग मला फार गोड वाटला. कुलूपकिल्ली सौ.च्या हाती सोपवून, शुक्रवारची एक किरकोळ रजा टाकून, पौषी पौर्णिमा होऊन दहा दिवस झाल्यावर आम्ही निघालो.

सायकली बसच्या टपावर चढवल्या. बलौदाबाजारच्या बाजूला चुनखडीचा दगड विपुल असल्यामुळे सिमेंटचे कारखाने पुष्कळ. तेथवर रस्त्याच्या दुतर्फा झाडांची पाने राखाडी असतात. माझा मुलगा ती पाहून म्हणाला, "इथे काळं नाही, पांढरं पडतं." महानदीचा पूल ओलांडून कसडोलला उतरलो. या लहानशा गावाला इतिहासात एक मानाचे पान आहे. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी येथल्या एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून भुकेल्या रयतेत वाटून टाकले. त्याबद्दल त्यांना कैद झाली. ते निसटले, सोनाखानला जाऊन लढले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना ठार करण्यात आले. पौषी पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा नावाचा सण असतो. त्या दिवशी मुले दारोदार फिरून नव्या भाताचे दान मागतात आणि कोणी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. कोठार उघडण्याची ती गोष्ट आणि हा सण यांचा काही संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण त्या बाजारपेठेतून सायकल चालवताना दोन्ही गोष्टी एकदमच मनात आल्या खऱ्या.

कसडोल सोडले की शेते संपतात आणि रान सुरू होते. माझ्या सहकाऱ्यांना झाडांची माहिती चांगली. ते पुढे सायकल चालवत नावे सांगत आणि वाटेत भेटणारे लोक त्याच झाडांना दुसरी नावे देत. आपला ऐन तो इकडचा साजा, धावडा तो धवरा, उंबर तो डुमर. ओढ्याकाठी पाय पाण्यात सोडून बसणारा अर्जुन येथे कउहा होतो. मोह आणि महुआ यांच्यात तर एका हुंकाराचेच अंतर. सहकारी म्हणाले, "झाडांची बदली झाली म्हणजे नाव तेवढे बदलते, पगार तोच राहतो." मुलाने प्रत्येक झाडाची दोन-दोन नावे पाठ करण्याचा खेळ सुरू केला आणि माझ्या सायकलच्या मागच्या बैठकीवरून तो ती मोठ्याने घोकत राहिला. शेवटच्या चढावर आम्ही सायकली हातात धरून चालत होतो तेव्हाही त्याचे घोकणे चालू होते.

तुरतुरियाला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. आणि तेथे जे प्रथम दृष्टीस पडले त्याची मला कल्पना नव्हती. पौषी पौर्णिमेला येथे मोठी जत्रा भरते. जत्रा उठून गेली होती, दुकानांचे बांबू उपसून नेले होते, पण नदीकाठच्या त्या सपाट जागेवर चुली मात्र राहिल्या होत्या. तीन-तीन दगडांच्या, आतून काळ्या झालेल्या, जिकडे पाहावे तिकडे चुली. कोठे दोन चुली जवळजवळ, म्हणजे एका मोठ्या कुटुंबाच्या. कोठे एकटी झाडाच्या बुंध्याशी. कोठे एका चुलीभोवती पानांच्या द्रोणांचा ढीग. मी मोजायला लागलो आणि शंभरानंतर सोडून दिले. साहेबाच्या देशात ज्याला क्रमांक घालून, कुंपण करून, भाडे ठरवून कॅम्पग्राउंड म्हणतात ते हेच. फक्त येथे नोंदवही नाही. बैलगाडीने, ट्रॅक्टरने, पायी माणसे येतात, तांदूळ आणि भांडी बरोबर आणतात, नदीत न्हातात, रांधतात, रात्र काढतात आणि पुढच्या वर्षाच्या माणसासाठी चूल तशीच ठेवून जातात. आम्ही नवीन दगड शोधण्याच्या भानगडीत पडलो नाही. तीन चांगल्या दगडांची एक तयार चूल निवडली आणि त्यावर चहा ठेवला. कोणाची होती, देव जाणे. तिने पहिल्या काडीला पेट घेतला.

तेवढ्यात वनखात्याचा बीटगार्ड आला. तरुण मुलगा होता, पण बोलणे ठाम. आमची नावे, गाव, किती रात्री, सारे त्याने लिहून घेतले आणि राहुटी नदीकाठी लावायला साफ मनाई केली. कारण हत्ती. गेल्या काही वर्षांत महासमुंद-सिरपूरच्या टापूत आणि बारनवापाऱ्याच्या रानात रानहत्तींचे येणे-जाणे सुरू झाले आहे, आणि पाण्याची वाट हीच त्यांचीही वाट. "आश्रमाच्या आवारात लावा, लोक आहेत तिथे. विस्तव असू द्या आणि उष्टेखरकटे बाहेर टाकू नका, अस्वल येते," असे तो म्हणाला. अभयारण्यात पायी हिंडायचे नाही, तेथे जायचे तर फाटकावर परवाना घेऊन खात्याच्या मान्यतेच्या गाडीने, बरोबर वाटाड्या घेऊन; पावसाळ्यात तर तेही बंद. मला हे नियम आवडले. १९७६ मध्ये स्थापन झालेले हे अभयारण्य सुमारे २४५ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे फार मोठे नव्हे. बार आणि नवापारा या दोन वनग्रामांची नावे जोडून त्याचे नाव झाले. एवढ्या जागेत बिबटे, गवे, अस्वले, चितळे आणि आता हत्ती असे सारे राहतात. २०२४ च्या मार्चमध्ये तर एक वाघ कोठून तरी येऊन येथे राहिला. आठ महिने राहिला आणि नोव्हेंबरात कसडोलच्या वस्तीत शिरला तेव्हा खात्याने त्याला बेशुद्ध करून धरले व उत्तरेकडच्या गुरु घासीदास–तमोर पिंगला व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडले. बीटगार्डने ही हकीकत सांगितल्यावर माझे सहकारी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "म्हणजे त्याचीही बदलीच झाली. तीही अर्ज न करता."

राहुटी उभारली आणि मुलाला घेऊन नदीवर गेलो. नकाशात ती नदी असली तरी जानेवारीत तिचे रूप ओढ्याचेच होते. रेतीच्या रुंद पात्रातून गोट्यांमधून वळणे घेत जाणारे पोटरीभर पाणी. दोन्ही काठांवर कउहा वाकलेले. तो काठावर थांबला. बूट काढले, मोजे काढले, ते नीट बुटांत कोंबले, आणि मग पाण्यात पाय घालण्याऐवजी तो गुडघ्यांवर वाकला आणि त्याने पाण्याचा वास घेतला. एखादे जनावर परक्या पाणवठ्यावर घेते तसा, दोनदा. मी काहीच बोललो नाही. माझ्या सहकाऱ्यांनी तोंड दुसरीकडे फिरवले.

"वास नाही," तो म्हणाला. मग पायाचा अंगठा, मग घोटा, मग गुडघा. पाणी विलक्षण गार होते आणि तो ओरडला, पण बाहेर आला नाही. तळाचे गोटे दिसतात याचेच त्याला मोठे नवल. त्याने एक उचलला, पुन्हा पाण्यात टाकला, पुन्हा उचलला. अंधार पडेपर्यंत त्याने एवढेच केले. निघताना त्याने विचारले, "बाबा, हे पाणी किती वाजता जातं?" आमच्या वसाहतीत सकाळी सहा ते सात नळ असतो. मी म्हणालो, "हे जात नाही." "रात्रीपण?" "रात्रीपण." त्याला ते खरे वाटले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते. रात्री एकदा त्याने मला हलवून जागे केले. विस्तवाचे निखारे झाले होते, दूर कोठे तरी रानात ढोलकी वाजल्यासारखा एक आवाज येत होता, आणि या साऱ्याच्या खाली कुंडात पडणाऱ्या झऱ्याचा तो तुरतुर आवाज. "चालू आहे," तो म्हणाला आणि झोपला. मला मात्र नंतर झोप लागली नाही. हत्तींचे भय होते हे खरे, पण केवळ तेवढेच नव्हे. बदलीसाठी पसंतीच्या तीन ठिकाणांची नावे भरून देण्याचा तक्ता त्या आठवड्यात कचेरीत फिरत होता आणि माझ्या नावापुढचा रकाना मी कोरा ठेवून आलो होतो. सौ.चे म्हणणे नागपूर. मुलाचे मराठी आणि मुलाची छाती, दोन्हींसाठी. त्यांचे चूक आहे असे कोण म्हणेल? नऊ वर्षांच्या मुलाने पाण्यात पाय घालण्याआधी वास घ्यावा, ही गोष्ट मी त्यांना सांगितली असती तर त्यांनी नागपूर हे नाव तिन्ही ठिकाणी लिहायला लावले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या डोंगरावर मातागड नावाचे देवीचे स्थान आहे तेथे चढलो. अपत्यासाठी नवस बोलायला बायका येथे येतात. वरून बालमदेहीचे खोरे दूरपर्यंत दिसते. धुके खाली, त्यातून झाडांचे शेंडे वर. सहकारी म्हणाले की याच रानाच्या दक्षिण अंगाला महानदीकाठी सिरपूर आहे, आणि १९५० च्या दशकात सागर विद्यापीठाच्या वतीने तेथले उत्खनन आपल्याच डॉ. मो. गं. दीक्षितांनी केले, बौद्ध विहार उजेडात आणले. तुरतुरियाच्या आवारातही जुन्या मूर्तींचे भंगलेले अवशेष ठिकठिकाणी आहेत. ते कोणत्या शतकातले, या चर्चेत मला गोडी नव्हती. मी मुलाकडे पाहत होतो. तो डोंगरावरून बोटाने नदीची रेषा हवेत काढत होता.

दुपारी एक वृद्ध गृहस्थ आमच्या चुलीशी येऊन बसले. जवळच्याच गावचे, डोक्याला पंचा, हातात टांगी. "कहां ले आवत हव?" "उरला ले," मी म्हणालो. त्यांना उरला ठाऊक होते. त्यांचा मुलगा तेथल्याच एका मिलमध्ये कामाला होता. आमची पोळी करण्याची खटपट पाहून त्यांनी पीठ आपल्या हाती घेतले, जाड रोटी थापली, वर-खाली पळसाची पाने लावली आणि ती निखाऱ्यांत पुरली. ही इकडची अंगाकर. माझ्या सहकाऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, हे तर आमचे पानगे!" वऱ्हाडात पळसाच्या पानांत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर पानगे भाजतात, तेच पान, तोच जळका सुवास. त्या दुपारी आम्ही पानगे खाल्ले की अंगाकर, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. बाबांनी पहिला तुकडा मुलाला दिला आणि त्याला 'भांचा' म्हटले. भांचा म्हणजे भाचा. छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो, हे येथे आल्यावर मला कळले होते. कौसल्या या भूमीची लेक, म्हणून राम सर्वांचा भाचा आणि म्हणून प्रत्येक भाचा रामासारखा. पण आमचे घर परप्रांतीयांचे. आमच्या मुलाला या मुलखात आजवर कोणी नात्याने हाक मारली नव्हती. शेजारी 'बाबू' म्हणत, शाळेत आडनावाने पुकारत. एका हाकेने त्याला तेथे आजोळ मिळाले. नागपूरचा विचार मी त्या रात्री पुन्हा केला. तो आदल्या रात्रीइतका सरळ राहिला नव्हता.

संध्याकाळी मुलाने विचारले की हे पाणी कोठे जाते. मी रेतीत काडीने नकाशा काढला. ही बालमदेही, ही महानदीला जाऊन मिळते. महानदी पुढे शिवरीनारायणला जाते, पुढे ओडिशात हिराकुडच्या धरणात, १९५७ मध्ये ज्याचे उद्घाटन झाले त्या, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. आणि आपली खारून? रायपूर शहर जिचे पाणी पिते ती खारून सोमनाथाजवळ शिवनाथ नदीला मिळते आणि शिवनाथ शिवरीनारायणच्या परिसरात महानदीला. मी दुसरी रेषा काढली आणि दोन्ही रेषा एका ठिकाणी आणल्या.

तो बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. "आणि आपला नाला?"

"तो खारूनला मिळतो."

त्याने माझ्या हातातून काडी घेतली, उरल्यापासून खारूनपर्यंत एक लहानशी रेष स्वतः काढली आणि मग तिच्यावरून बोट फिरवत सोमनाथ, शिवनाथ, शिवरीनारायण असे म्हणत जेथे बालमदेहीचे पाणी येते तेथवर आला. "म्हणजे आपला नालापण इथल्या ओढ्याला भेटतो." ओढा हा शब्द त्याने स्वतः उच्चारल्याचे ते पहिलेच वाक्य. ते ऐकण्यासाठी मी दोन रात्री थंडीत काढल्या होत्या. पण त्याच्या पुढच्या प्रश्नाने माझा आनंद जिथल्या तिथे राहिला. "मग ओढ्याचं पाणी पुढे काळं होतं?"

महानदी मोठी आहे, असे मी म्हणालो. सहकारी म्हणाले की पावसाळ्यात सारे धुऊन जाते. बाबांना प्रश्न समजावला, तेव्हा त्यांनी आपल्या मुलाचे नाव घेतले आणि म्हणाले की तो सुट्टीत घरी येतो तेव्हा आधी नदीत जाऊन न्हातो, मग घरात पाऊल टाकतो. मुलाने तिघांची उत्तरे ऐकून घेतली. त्याचे समाधान झाल्याचे काही चिन्ह दिसले नाही.

रविवारी पहाटे आम्ही राहुटी आवरली. चूल तशीच ठेवली. दगडांपैकी एक जरा हलला होता तो मुलाने नीट बसवला.

पुढच्या रविवारी आईचा फोन यायच्या आधीच त्याने सायकली काढायला लावल्या. वसाहतीमागच्या नाल्याच्या कडेकडेने, कारखान्यांच्या भिंती चुकवत, आम्ही खारूनच्या काठी गेलो. चार वर्षांत मी तेथे कधी गेलो नव्हतो. नाला नदीला मिळतो तेथे काही अंतरापर्यंत दोन रंग शेजारी शेजारी वाहतात, काळा आणि हिरवट; मग हळूहळू त्यांच्यातली रेघ पुसट होते. मुलाने खिशातून पळसाचे एक वाळलेले पान काढले. तुरतुरियाहून आणलेले असावे. ते त्याने संगमाच्या वरच्या अंगाला पाण्यात सोडले आणि काठावरून पावले मोजत त्याच्याबरोबर चालू लागला. मी हातातले घड्याळ पाहायचे, असे ठरले होते. पन्नास पावलांना दोन मिनिटे लागली. घरी येऊन त्याने नकाशावर नदीच्या वळणांवरून दोरा धरला, फूटपट्टी लावली आणि वहीच्या पाठीमागे बराच वेळ गुणाकार-भागाकार केले. सौ. पोळ्या लाटता लाटता ते पाहत होत्या. शेवटी तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"सहा दिवस," त्याने सांगितले. "रविवार धरून."